पारख सांध्याची: रानात न्यायचा घडीचा चाकू

घडीच्या चाकूत पाते आणि मूठ हे दोन वेगळे तुकडे एका खिळीवर जोडलेले असतात. अखंड चाकूत पात्याचे पोलाद मुठीच्या आत दूरवर गेलेले असते, त्यामुळे हाताचा जोर सरळ धारेपर्यंत पोहोचतो. घडीच्या चाकूत तोच जोर सुपारीहूनही लहान अशा एका सांध्यातून जातो. अडकित्त्याची खीळ सैल झाली की सुपारी कातरली जात नाही, पात्यांमधून निसटते, हे ज्या घरात पानाचा डबा आहे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. घडीच्या चाकूचेही तसेच आहे. मात्र इथे सांधा दगा देतो तेव्हा पाते मुठीवरच्या बोटांवर मिटते. म्हणून डोंगरात, रानात, दवाखान्यापासून काही तासांच्या वाटेवर न्यायचा चाकू निवडताना आधी सांधा पाहावा, मग मूठ आणि शेवटी पाते. दुकानात बहुतेक जण याच्या उलट क्रमाने जातात. पात्याची लांबी आणि चकाकी पाहून चाकू पसंत होतो आणि सांध्याकडे लक्ष जाते ते तो खुळखुळायला लागल्यावर.

मजबुतीच्या बाबतीत घडीचा चाकू अखंड चाकूची बरोबरी करू शकत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. लाकूड फोडणे, फांद्या तोडणे, जमीन उकरणे ही त्याची कामे नाहीत. कोकणातला शेतकरी त्यासाठी कमरेच्या आकडीला कोयती अडकवतो, आणि ती व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली आहे. अमेरिकेत जॉर्ज सिअर्स हा लेखक ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहीत असे. रानातल्या मुक्कामांवरचे त्याचे ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक १८८४ साली आले. सामान कमीत कमी असावे असा आग्रह धरणारा हा माणूस स्वतः मात्र तीन हत्यारे बाळगी: एक हलकी कुऱ्हाड, एक पातळ पात्याचा अखंड चाकू आणि खिशात दोन पात्यांचा घडीचा चाकू. प्रत्येकाचे काम वेगळे होते. घडीच्या चाकूचा खरा गुण हा की तो खिशात राहतो. सॅक दरीत गेली, तंबू मागे राहिला, तरी खिशातला चाकू माणसाबरोबर असतो. अडचणीच्या वेळी जवळ असलेले हत्यारच कामाला येते.

एरन राल्स्टनची हकिकत या संदर्भात पुनःपुन्हा सांगितली जाते. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, ब्लूजॉन कॅनियन नावाच्या अरुंद घळीत तो एकटाच उतरत होता. वरून निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला. जवळ एक स्वस्तातले बहुउपयोगी हत्यार होते. पहिले काही दिवस त्याने त्याच्या पात्याने धोंडा टोकरला. धोंडा हलला नाही, पात्याची धार मात्र गेली. अखेर हाताची हाडे स्वतःच मोडून, त्याच हत्याराने त्याने हात कापला आणि सुमारे १२७ तासांनी तो सुटला. त्यावर निघालेल्या ‘१२७ अवर्स’ या चित्रपटाला ए. आर. रहमान यांचे संगीत आहे, त्यामुळे ही गोष्ट भारतातही बऱ्याच जणांना ठाऊक आहे. असा प्रसंग लाखात एखाद्यावर येतो. चाकूबद्दल त्यातून कळते ते मात्र रोजच्या उपयोगाचे आहे: दगडावर चालवलेले पाते पुढच्या कामाला उरत नाही, आणि गाठीला काय असेल ते संकट आल्यावर बदलता येत नाही.

सांध्याकडे पाहताना पहिला प्रश्न असा की उघडलेले पाते उघडे कशामुळे राहते. सर्वांत जुन्या आणि साध्या रचनेत मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी पात्याच्या बुंध्यावर दाब देते. जोर लावला की पाते मिटते. तिथे खटका नसतो, असतो तो नुसता विरोध. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ साली स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि त्यातून पुढे व्हिक्टोरिनॉक्सचे लाल चाकू जगभर गेले. त्यातल्या नेहमीच्या, ९१ मिलिमीटर लांबीच्या चाकूंना खटका नाही. दोरी, फळ, कापड, पट्टी कापताना जोर धारेच्या बाजूने पडतो आणि पाते आणखी उघडू पाहते, तेव्हा खटक्यावाचून काहीच अडत नाही. भोक पाडायला टोक खुपसले, किंवा लाकडात अडकलेले पाते मागे ओढले, की असा चाकू मिटतो. बोटे कापली जातात ती अशाच वेळी. याच कंपनीच्या १११ मिलिमीटरच्या मोठ्या चाकूंना म्हणूनच खटका दिलेला असतो.

फ्रान्सच्या साव्हवा प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली बनवलेला लाकडी मुठीचा चाकू आजही जवळजवळ त्याच रूपात मिळतो. १९५५ मध्ये त्याला फिरते कडे बसवण्यात आले. पाते उघडून कडे फिरवले की पात्याची परतीची वाट बंद होते. रचना इतकी सोपी आहे की बिघडायला फारसे काही उरत नाही. आठ नंबरच्या ओपिनेलचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, आणि अख्खा चाकू पन्नास ग्रॅमच्याही आत. पातळ पात्यामुळे तो कापतो फार सुरेख. सह्याद्रीच्या पावसात मात्र त्याची एक खोड दिसते: बीचच्या लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगते आणि पाते आत अडकून बसते. उन्हाळी आणि हिवाळी भटकंतीसाठी तो उत्तम. जुलैच्या मुसळधारेत चिंब झालेल्या हातांनी तो उघडायची वेळ कोणावर येऊ नये.

पाठीवरचा खटका, म्हणजे बॅकलॉक, जगभर लोकप्रिय झाला तो अमेरिकेतल्या बक कंपनीच्या ११० या चाकूमुळे. तो १९६० च्या दशकात आला. मुठीच्या पाठीतला लोखंडी दांडा तराजूच्या दांडीसारखा मधल्या खिळीवर झुलतो. त्याचे पुढचे टोक पात्याच्या बुंध्यातल्या खाचेत पडते आणि मागचे टोक दाबल्याशिवाय सुटत नाही. रचना भक्कम आहे, पण खाच स्वच्छ राहिली तरच. चिखल, वाळू, आंब्याचा चीक खाचेत साचला की दांडा पूर्ण आत बसत नाही, आणि वरून पाहणाऱ्याला तर खटका लागल्यासारखाच वाटतो. ‘टक्’ असा आवाज आला तरी बोटाने चाचपून पाहण्याची सवय म्हणूनच हवी. अँड्र्यू डेम्को यांनी या रचनेत खटका आणि बुंधा यांच्यामध्ये एक जाड आडवी पिन घातली. पात्यावर आलेला जोर त्यामुळे झुलत्या दांड्यावर न पडता पिनेवर आणि तिथून मुठीच्या चौकटीवर जातो. ‘ट्रायअ‍ॅड’ या नावाने ओळखला जाणारा हा खटका आजच्या सर्वांत दणकट खटक्यांत मोडतो.

बाजारात सर्वाधिक दिसतो तो लायनर लॉक. मुठीच्या आतली पातळ पत्र्याची पट्टी बाजूने सरकते आणि पात्याच्या बुंध्याखाली टेकू देते. अमेरिकी कारागीर मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकात तो आजच्या रूपात आणला. पुढे दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह यांनी पातळ पट्टीऐवजी मुठीची अख्खी बाजूच टेकूसारखी वापरली. त्याला फ्रेम लॉक म्हणतात. दोन्हींचा दर्जा कारागिरीवर अवलंबून असतो. चांगल्या हातचा लायनर लॉक वर्षानुवर्षे साथ देतो. स्वस्तातल्या चाकूत मात्र पट्टी इतकी पातळ आणि बुंध्याचा उतार इतका चुकलेला असतो की पाते किंचित पिळले तरी ती निसटते. १९९८ मध्ये बेंचमेडने आणलेल्या आडव्या दांड्याच्या खटक्यात, ज्याला ‘अ‍ॅक्सिस’ म्हणतात, हा दोष नाही. डाव्या-उजव्या कोणत्याही हाताने तो तितकाच सहज चालतो, आणि मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही. पण तो दोन नाजूक स्प्रिंगांवर चालतो, आणि त्या वाकल्या तर रानात दुरुस्त होत नाहीत.

दुकानात पाच मिनिटांत सांध्याची बरीच परीक्षा होते. चाकू पूर्ण उघडावा, मूठ एका हातात घट्ट धरावी, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून ते डावीकडे-उजवीकडे आणि मग वर-खाली हलवून पाहावे. आडवी हालचाल थोडी असेल तर ती खिळीचा स्क्रू आवळून जाते. वर-खाली हालचाल असेल, म्हणजे खटका आणि बुंधा यांच्यात फट असेल, तर तो चाकू ठेवून द्यावा, कारण ती फट वापराने वाढतेच. लायनर किंवा फ्रेम लॉकची पट्टी बुंध्याखाली कुठवर आली आहे ते पाहावे. बुंध्याची रुंदी साधारण एक तृतीयांश झाकली जात असेल तर ठीक. जेमतेम कड धरली असेल तर ती निसटण्याचा धोका आहे, आणि पार पलीकडे टेकली असेल तर झिजेला जागाच उरलेली नाही. मग पाते मिटवून वरून बघावे: ते दोन बाजूंच्या बरोबर मध्ये बसते की एखादीला घासते? काही जण पात्याची पाठ टेबलावर आपटून खटका तपासतात. ही परीक्षा दिसायला पटणारी असली तरी तिने चांगल्या खटक्यालाही इजा होते. हातमोजा घालून, बोटे वाटेतून दूर ठेवून, पाठीवर तळव्याने हळूहळू वाढता दाब दिला तरी पुरते.

चाकूची बांधणी उघडी आहे की बंद, हेही पाहण्यासारखे आहे. काही चाकूंच्या पाठीला अखंड पट्टी असते, काहींत दोन बाजू नुसत्या तीन-चार खांबांवर उभ्या असतात आणि आरपार दिसते. दुसरी रचना कमी मजबूत वाटते, पण लाल मातीच्या प्रदेशात तीच सोयीची. ओढ्याच्या पाण्यात धरून दोन-चार हिसके दिले की माती निघून जाते. सांधा स्क्रूंनी जोडलेला असेल तर त्यांना लागणारी लहान टॉर्क्स चावी घरी असावी. रिव्हेटचा चाकू उघडता येत नाही, पण त्याचे स्क्रूही वाटेत पडून हरवत नाहीत.

मुठीबद्दल दुकानात फारसे कोणी विचारत नाही, आणि थकवा मात्र तिच्यामुळेच येतो. चारही बोटे मुठीवर पूर्ण मावली पाहिजेत. खोल खाचा पाडलेली मूठ ज्या हातासाठी घडवली त्याच हाताला बसते, इतरांना टोचते. साधी, किंचित फुगीर, कडा गोल केलेली मूठ बहुतेकांना चालते. चाकू मिनिटभर जोरात आवळून धरावा. खिशाला अडकवायची क्लिप किंवा एखादा स्क्रू तळव्याला रुतत असेल तर अर्धा तास लाकूड तासल्यावर तिथेच फोड येणार. काच आणि इपॉक्सीची जी-१०, कापड आणि रेझिनचे थर दाबून केलेली मायकार्टा, काचतंतू मिसळलेले नायलॉन ही तिन्ही पाण्याला न बधणारी आहेत. त्यातली मायकार्टा ओली झाल्यावरही हातात चांगली बसते. गुळगुळीत धातूची मूठ देखणी असते, पण थंडीत गार पडते आणि ओल्या हातातून निसटते. रंग भडक असावा. काळा किंवा लष्करी हिरवा चाकू कारवीच्या पाचोळ्यात पडला की सापडत नाही, नारिंगी सापडतो. दोरी ओवायला भोक असेल तर कड्यावर काम करताना चाकू मनगटाला किंवा पट्ट्याला बांधून ठेवता येतो.

पात्याची लांबी साडेसात ते दहा सेंटिमीटर पुरे. त्याहून लांब पात्याला लांब मूठ लागते, सांध्यावरची तरफ वाढते आणि चाकू खिशात राहात नाही. जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर असली की पाते वाकत नाही आणि कापतानाही अडत नाही. पाच मिलिमीटर जाडीची ‘रणगाडा’ पाती जाहिरातीत शोभतात. त्यांनी कांदा चिरला तर तो फुटतो. पाठ हळूहळू उतरत टोकाशी येते तो आकार, ज्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात, सर्व कामांना बरा. टोक मजबूत राहते आणि तरीही टोचायला उपयोगी पडते. करवतीसारखे दाते ओली दोरी आणि पट्टे झटकन कापतात, पण अर्धी धार साधी आणि अर्धी दातेरी असलेल्या पात्यावर दाते नेमके मुठीजवळ येतात. लाकूड तासताना सर्वांत जास्त जोर त्याच जागी लागतो, आणि दात्यांना निसण्यावर धारही लावता येत नाही. साधी धार नीट राखलेली असेल तर दात्यांची उणीव भासत नाही.

पोलादाच्या नावांनी गिऱ्हाईक गोंधळते. मूळ गोष्ट सोपी आहे. पोलाद जितके कठीण, तितकी धार टिकते. पण कठीणपणाबरोबर ठिसूळपणा येतो आणि दगडावर धडक बसली तर धारेचा तुकडा उडतो. जुने लोहार पोलादाला ‘पाणी देतात’ ते या दोहोंचा मेळ घालण्यासाठीच. हा कठीणपणा रॉकवेल ‘सी’ मापाने मोजतात आणि चांगल्या चाकूंचा तो साधारण ५५ ते ६१ च्या दरम्यान असतो. व्हिक्टोरिनॉक्स ५६ च्या आसपास ठेवते. त्याची धार लवकर उतरते, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते. रानात हा गुण फार मोलाचा आहे. उलट व्हॅनेडियम घातलेली एस३०व्ही सारखी महागडी पोलादे महिनोन्‌महिने धार धरतात, आणि उतरली की हिऱ्याच्या पट्टीशिवाय दाद देत नाहीत.

दुसरा प्रश्न गंजाचा. नुसत्या कार्बनच्या पोलादावर कैरी चिरली की पाते काळे पडते, हे विळीवर कैरी चिरणाऱ्या प्रत्येक घरात दिसते. ते काळेपण निरुपद्रवी, पण पावसाळी ट्रेकमध्ये दोन दिवस ओल्या खिशात राहिलेल्या अशा पात्यावर लाल गंज चढतो, आणि तो सांध्यात शिरतो. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद यातून बऱ्याच अंशी सुटते. स्वीडनचे १२सी२७ आणि १४सी२८एन, अमेरिकेचे ४२०एचसी ही त्यातली साधी, परवडणारी आणि विश्वासाची नावे. डी२ धार चांगली धरते, पण ते पूर्णपणे स्टेनलेस नाही. किनारपट्टीवरच्या खाऱ्या हवेत त्याला ठिपके पडतात. पात्यावर नुसते ‘स्टेनलेस’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ छापलेले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. कोणते पोलाद ते सांगायला तयार नसलेल्या चाकूवर भरवसा ठेवू नये. नामांकित चाकूंच्या हुबेहूब नकलाही सर्रास विकल्या जातात, आणि त्यांच्यावर छापलेले पोलादाचे नाव खरे असेलच असे नाही.

उघडण्याच्या युक्त्यांबद्दल थोडक्यात. अंगठ्याचे बटण, पात्यातले गोल भोक, मिटलेल्या चाकूच्या पाठीमागे डोकावणारे पात्याचे बोंड, यांपैकी काहीही चालते, फक्त ओल्या आणि गारठलेल्या बोटांना एका हाताने उघडता आले पाहिजे, कारण दुसरा हात दोरावर किंवा फांदीवर असू शकतो. खटका दाबताच पाते उसळून बाहेर येणारे चाकू टाळावेत. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू हिंदी चित्रपटांनी प्रसिद्ध केला, पण त्याची सारी करामत दुसऱ्याला घाबरवण्यात आहे. रानातल्या कामाशी तिचा संबंध नाही, आणि पोलिसांची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

कायद्याचे भान खरेदीच्या वेळीच ठेवावे. भारतीय शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. खिशातला चाकू या मर्यादेच्या बराच आत असतो. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली प्रशासन ठरावीक काळासाठी शस्त्रबंदीचे आदेश काढते, आणि त्यात चाकूचाही समावेश होतो. ट्रेकर्सना याहून महत्त्वाचे म्हणजे, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेण्यास मनाई आहे. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. तिथे जाताना वन खात्याच्या चौकीवर चाकूबद्दल आधीच विचारून घ्यावे, आणि राखीव वनात आग पेटवायला बंदी आहे हेही लक्षात ठेवावे. विमानाने जाताना चाकू सोबतच्या पिशवीत चालत नाही, तो सामानात द्यावा लागतो.

वापरताना सांध्याला जपायचे म्हणजे चाकूला त्याच्या पेलण्याइतकेच काम द्यायचे. पाते दगडाच्या फटीत घालून पिळू नये, टोकाने डबा उचकटू नये. लाकडाच्या ढलपीची फारच निकड असेल तर पाते मनगटाएवढ्या कोरड्या फांदीच्या कडेवर ठेवून दुसऱ्या फांदीने पाठीवर हलके ठोकता येते. तेव्हा खटका सोडवून ठेवावा म्हणजे धक्का त्याच्यावर बसत नाही, आणि बोटे मिटण्याच्या वाटेत ठेवू नयेत. रॅपलिंगच्या वेळी उपकरणात अडकलेले केस किंवा शर्ट कापायची पाळी आली तर ताणलेल्या दोराजवळ धार अजिबात नेऊ नये: वजन पेलणारा नायलॉनचा दोर नुसत्या स्पर्शाने कापला जातो. कापड पात्यावर घेऊन, दोरापासून दूर जाणाऱ्या दिशेनेच कापावे.

घरी परतल्यावर चाकू पाण्याने धुऊन, उघडाच ठेवून, आतपर्यंत वाळवावा. खिळीवर आणि खटक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. गोडे तेल घालू नये. ते काही आठवड्यांत चिकट होते आणि त्यावर माती धरते. धार लावताना पाते निसण्यावर १५ ते २० अंशांनी धरून दोन्ही बाजूंनी सारखे फिरवावे. निसणा नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या तळाचे खरबरीत कडे वापरता येते. मग दुकानातली तीच परीक्षा पुन्हा करावी: पाठ चिमटीत धरून पाते आडवे आणि उभे हलवून पाहावे. आडवे हलत असेल तर खीळ पाव फेरा आवळावी. उभे हलायला लागले असेल तर तो चाकू स्वयंपाकघरात फळे कापायला ठेवावा आणि पुढच्या ट्रेकसाठी दुसरा घ्यावा.